बंद घड्याळावर घड्याळ दुरुस्ती शिकू नका

"ताई नमस्कार. वय 53, दिवसभर ऑफिसात आकडेमोड करतो. वर्षभरापूर्वी घड्याळ दुरुस्तीचे व्हिडिओ बघायचा नाद लागला आणि मग राहवलंच नाही, बारा बंद घड्याळांचा एक लॉट ऑनलाइन घेतला, सोबत एक स्वस्तातलं टूलकिट. आत्तापर्यंत पाच उघडली, एकही चालू झालं नाही. एकातली बारीक स्प्रिंग उडाली ती आजतागायत सापडली नाही, एका स्क्रूची खाच गेली, एकाला शिलाई मशीनचं तेल घातलं तर ते तासभर छान चाललं आणि मग कायमचं बसलं. हात पण थोडे थरथरतात. बायको म्हणते घरात दोन घड्याळं चालू आहेत, तेवढी तरी शाबूत ठेवा. खरं तर वडिलांचं चावीचं घड्याळ कपाटात पडून आहे, हे सगळं त्याच्यासाठीच सुरू केलं होतं. सोडून देऊ का?"

दादा, पत्र वाचून हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं, कारण यातलं निम्मं मी स्वतः करून बसलेली आहे. शिलाई मशीनचं तेल सोडून. ते तेवढं नाही केलं.

सोडू नका. पण ती उरलेली सात घड्याळं आहेत ना, ती एका डब्यात भरा आणि माळ्यावर टाका. तुमचं चुकलं ते हाताचं नाही, वयाचं तर नाहीच नाही, चुकलं एवढंच की तुम्ही बंद घड्याळांवर शिकायला बसलात. सगळेच तिथून सुरुवात करतात, सल्ला पण सगळे तोच देतात, की आधी भंगारातली घड्याळं घे, बिघडली तरी काय जातंय. ऐकायला बरोबर वाटतं. पण विचार करा, घड्याळ आधीच बंद आहे, तुम्ही उघडलं, साफ केलं, परत जोडलं, तरी बंद. आता हे तुमच्यामुळे बंद आहे की आधीपासून जे बिघडलेलं होतं त्यामुळे? कळायला काही मार्गच नाही! परीक्षा दिली आणि पेपर कधी तपासलाच गेला नाही, तसं ते.

आणि लॉटमधलं घड्याळ एकाच कारणाने बंद असतं असं पण नाही हो. तेल वाळून डिंकासारखं झालेलं, मेनस्प्रिंग (चावी दिल्यावर ताकद साठवणारी स्प्रिंग) तुटलेली, हेअरस्प्रिंग (बॅलन्सवरची केसासारखी बारीक स्प्रिंग) वाकलेली, त्याआधी कोणीतरी हात मारून एखादा स्क्रू भलत्याच जागी बसवलेला, असे दोन-तीन घोळ एकत्र. मी सुरुवातीला एका घड्याळापायी तीन महिने घालवले. साफ करायचं, तेल द्यायचं, जोडायचं, बंद. परत साफ करायचं. शेवटी कोणीतरी म्हणालं की अगं दहा पटीच्या भिंगातून बॅलन्सची, म्हणजे मागेपुढे झोके घेणाऱ्या चाकाची, टोकं तरी बघ, बघितलं तर एका बाजूचं पिव्हटच, म्हणजे टोकच, मोडलेलं होतं. बॅलन्सच्या आसाची ही टोकं साधारण 0.1 मिलिमीटर जाडीची असतात, म्हणजे केसापेक्षा थोडीच जाड, घड्याळ एकदा कडक फरशीवर पडलं की झालं काम. ते घड्याळ मी साफ करून चालू होणारच नव्हतं, जन्मात नाही. तीन महिने.

म्हणून वहिनी चिडून जे बोलल्या ना, त्यातच तुमचं उत्तर आहे. चालू घड्याळावर शिका. घरातल्या त्या दोन घड्याळांवर नको हां, नाहीतर माझं नाव सांगाल. शिकण्यासाठी एक नवीन, चालू, चावी द्यायची मूव्हमेंट, म्हणजे घड्याळाची आतली यंत्रणा, घ्या, नुसती मूव्हमेंट, केस नको डायल नको. युनिटास 6497 हे नाव तुम्ही व्हिडिओत ऐकलंच असेल. ती मुळात खिशातल्या घड्याळासाठी केलेली, 36.6 मिलिमीटर व्यासाची, 17 ज्वेलची (ज्वेल म्हणजे ज्यांच्या भोकात टोकं फिरतात ते खडे), सगळे पार्ट मोठे आणि सुटसुटीत. ओरिजिनल महाग पडते पण सीगल या चिनी कंपनीची एसटी36 ही तिचीच नक्कल आहे, सुरुवातीला तीच बरी. ऑटोमॅटिक नको, तारीखवालं नको, लेडीज घड्याळ तर अजिबात नको. आणि सेलचं घड्याळ हा वेगळाच विषय आहे, तिथे क्रिस्टल सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि बाकी काम सर्किट करतं, दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा सेल बदलणं, नाहीतर अख्खी मूव्हमेंट बदलणं, त्यात तुम्हाला हवी ती मजा नाही.

मूव्हमेंट हातात आली की लगेच खोलायची नाही. आधी पूर्ण चावी द्या आणि टाइमग्राफरवर ठेवा, नसेल तर फोनवर टिकटिक ऐकून मोजणारी अॅप आहेत, अंदाजाला तेवढी पण चालतील. टाइमग्राफर काय करतो तर मायक्रोफोनने टिकटिक ऐकतो आणि तीन आकडे दाखवतो, दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, बॅलन्स किती अंशात झोके घेतोय ती अॅम्प्लिट्यूड, आणि टिक आणि टॉकमधल्या फरकाचा बीट एरर. त्याला लिफ्ट अँगल, म्हणजे त्या मूव्हमेंटचा ठरलेला एक कोन, द्यावा लागतो, 6497 ला 44 अंश, तो न बदलता नेहमीचा 52 ठेवला तर अॅम्प्लिट्यूड चुकीची दिसते आणि माणूस उगाच हवेत जातो. डायलची बाजू वर, पूर्ण चावी, अशा स्थितीत 270 ते 300 च्या आसपास दिसलं तर तब्येत ठणठणीत. हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा. आता तुमच्याकडे उत्तरपत्रिका आली. खोलून जोडल्यावर 280 चं 210 झालं तर ते तुम्हीच केलंय, दुसरं कोणी नाही, आणि काय केलं ते शोधता येईल कारण बाकी सगळं ठीक होतं हे माहितीय. आकडेमोड करणाऱ्या माणसाला याच्यात किती गंमत येईल बघा.

पहिल्या दिवशी फक्त बॅलन्स काढायचा आणि परत बसवायचा. बस. पण त्याआधी चावी उतरवायची, आणि हे व्हिडिओत दोन सेकंदात उरकतात म्हणून सांगते: क्राउन, म्हणजे चावी द्यायचं बटण, बोटांत घट्ट धरायचा, क्लिक, म्हणजे चावी मागे फिरू न देणारी ती छोटी पट्टी, काडीने बाजूला ढकलून धरायची आणि क्राउन बोटांतून हळूहळू सरकत मागे जाऊ द्यायचा. सोडून द्यायचा नाही. तुमची उडालेली स्प्रिंग अशीच गेली असणार असा माझा अंदाज आहे, ताकद आत असताना कुठलातरी ब्रिज, म्हणजे चाकांना वरून धरून ठेवणारी पट्टी, सैल केला असणार. मग बॅलन्स उचलताना त्याचा ब्रिज चिमट्यात धरून सरळ वर घ्यायचा, बॅलन्स खाली हेअरस्प्रिंगला लटकत वर येतो. बघून पोटात गोळा येतो पण लटकलेला चालतो, कुठे अडकलेला असताना ओढलेला चालत नाही. बसवताना उलट. खालचं टोक ज्वेलच्या भोकात जायला हवं, चाकाखालची छोटी पिन पॅलेट फोर्कच्या (बॅलन्स आणि बाकीच्या चाकांमधला छोटा काटा) खाचेत यायला हवी, आणि ब्रिज आपोआप खाली बसायला हवा. स्क्रूने ओढून बसवायचा नाही, कधीच नाही! चावीचे दोन-चार वेढे दिले की बसल्या क्षणी बॅलन्स स्वतःहून झोके घ्यायला लागतो, आणि पहिल्यांदा हे होतं ना तेव्हा माणूस कोणाला तरी हाक मारतोच बघायला. हे दहा वेळा करा, चार दिवस लागले तरी लागू देत.

मग पॅलेट फोर्क. तो काढायच्या आधी काडीने हलकेच इकडून तिकडे करून बघा, जोरात उडी मारली तर ताकद अजून आत आहे, चावी उतरवा परत. नुसता लुळा हलला तर काढा.

आणि मग येतो तो चाकांवरचा ब्रिज, ज्याने नवशिक्यांची सगळ्यात जास्त नासधूस होते. तीन-चार चाकं उभी करायची, प्रत्येकाचं खालचं टोक आपापल्या भोकात, आणि वरून ब्रिज असा ठेवायचा की सगळ्यांची वरची टोकं एकदम आपापल्या ज्वेलमध्ये जातील. एकदम जात नाहीतच. एक बसतं तर दुसरं निसटतं. इथे माणूस कंटाळतो, बोटाने दाबतो, स्क्रू पिळतो, आणि एक हलकासा आवाज येतो आणि एक पिव्हट जातं. तर असं करा: ब्रिजवर लाकडी काडीचं टोक ठेवा, दाब म्हणजे फक्त काडीचं स्वतःचं वजन, आणि दुसऱ्या हातातल्या चिमट्याने एकेका चाकाला बाजूने अगदी किंचित हलवत राहा. एक बसलं की ब्रिज एका कोपऱ्यात जरासा खाली जातो, भिंगातून फटीतला उजेड कमी झालेला दिसतो. शेवटचं बसलं की फट मिटते. मग स्क्रू अर्धा फेरा, चाक हलवून बघा मोकळं फिरतंय का, परत अर्धा फेरा, परत बघा. पूर्ण आवळल्यावर पॅलेट फोर्क न बसवताच चावीचा एक दात द्या, सगळी चाकं भिरभिरत जातील आणि थांबताना शेवटचं चाक किंचित उलटं फिरेल. ते उलटं फिरणं दिसलं की समजायचं कुठेच काही घासत नाहीये. मला अजूनही प्रत्येक वेळी बरं वाटतं ते बघून.

आता हात थरथरण्याचं. सगळ्यांचे थरथरतात, भिंगाखाली तर माझा हात पण भूकंप झाल्यासारखा दिसतो. डॉक्टरकडे जाण्यासारखं थरथरणं असेल तर ते वेगळं, पण तुम्ही 'थोडे' लिहिलंय म्हणून सांगते, हाताचं बघायच्या आधी टेबलाची उंची बघा. जेवायच्या टेबलावर वाकून हे काम होत नाही. घड्याळजींची टेबलं छातीपर्यंत उंच असतात, कोपरापासून मनगटापर्यंत हात टेकलेला असतो आणि हलतात ती फक्त बोटं. तुमचं टेबल खाली असेल तर त्यावर एक मजबूत पेटी ठेवा, खुर्ची खाली करा. दोन्ही हातांच्या करंगळ्या एकमेकींना टेकवा. पट्ट्याचं भिंग चष्म्यावरूनच लावायचं, काम करायला चार पट पुरे, त्याचं अंतर साधारण सहा सेंटिमीटर पडतं म्हणजे चिमट्याला जागा उरते, दहा पटीचं फक्त तपासायला कारण ते अडीच सेंटिमीटरवर आणावं लागतं. आणि चिमटा हलका धरा! नवीन माणूस पार्ट निसटेल म्हणून आवळून धरतो आणि आवळल्यामुळेच तो निसटतो, ओल्या हातातून साबणाची वडी सटकते तसा.

टूलकिटचं काय करायचं ते तुम्हाला कळलंच असेल त्या स्क्रूच्या खाचेवरून. सगळं फेकू नका पण स्क्रूड्रायव्हर आणि चिमटा हे दोन चांगले घ्या, बाकीचं चालतं. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेच्या रुंदीला भरून बसलं पाहिजे, अरुंद पातं लावलं की ते खाचेच्या कडा खातं. आणि एखादा स्क्रू हटतच नसेल तर जोर लावायच्या आधी थांबा, कारण क्राउन व्हीलचा, म्हणजे चावी देताना फिरणाऱ्या चाकाचा, स्क्रू बऱ्याच मूव्हमेंटमध्ये उलट्या आट्यांचा असतो, काही वेळा ओळखायला त्याच्या डोक्यावर एकाऐवजी तीन रेघा केलेल्या असतात. तो तुम्ही सोडवतोय समजून आवळत असता आणि एक दिवस त्याचं डोकं हातात येतं. तसाच क्राउनची दांडी सोडवणारा स्क्रू, जुन्या घड्याळांत तो एक-दीड फेराच सैल करायचा, पूर्ण काढला तर डायलच्या बाजूला एक पार्ट सुटून पडतो आणि दांडी काही परत अडकत नाही, मग अख्खी डायल काढा.

तेलाबद्दल तुम्हाला रागावणार होते पण तुम्हीच शिक्षा भोगलीत. घड्याळात तेल कमी असणं परवडतं, जास्त असणं नाही. शिलाई मशीनचं तेल पातळ, ते ज्वेलच्या खळगीत थांबत नाही, पसरत पसरत हेअरस्प्रिंगवर जातं, वेढे एकमेकांना चिकटतात आणि मग घड्याळ वेड्यासारखं पुढे पळतं किंवा बसतं. (पुढे पळणारं घड्याळ कधीकधी फक्त मॅग्नेटाइज झालेलं पण असतं, साधं होकायंत्र जवळ नेऊन बघा, सुई घड्याळाबरोबर थरथरली तर डीमॅग्नेटायझर, म्हणजे चुंबकत्व घालवणारं यंत्र, लागेल.) घड्याळाचं तेल वेगळं येतं, मोबियसचं 9010 हे वेगाने फिरणाऱ्या बारीक टोकांना, एचपी 1300 हे सावकाश फिरणाऱ्या आणि ताकद सोसणाऱ्या जागांना, पॅलेटच्या खड्यांना 9415. एवढी तिन्ही लगेच घ्यायची गरज नाही, पहिले दोन महिने तर तुम्ही तेल लावूच नका, नवीन मूव्हमेंटला कारखान्यातलं असतंच. पुढे लावाल तेव्हा खळगी अर्धी किंवा फार तर दोन तृतीयांश भरायची. चाकांच्या दातांना तेल नाही, हेअरस्प्रिंगला नाही, पॅलेट फोर्कच्या टोकांना पण सहसा नाही.

साफसफाईत एक गोष्ट मात्र आत्ताच लक्षात ठेवा कारण ती चूक फार जण करतात. पॅलेट फोर्कचे खडे आणि बॅलन्सखालची ती पिन हे बहुतेक घड्याळांत शेलॅकने, म्हणजे लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. बाकीच्या पार्टांबरोबर हे दोन पण आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाटीत टाकून चहाला गेलात तर परत येईपर्यंत खडे सुटे! आणि त्यांच्यासाठी नॅफ्था (लायटरमध्ये भरायचं पेट्रोलसारखं द्रव) वापराल तर खिडकी उघडी आणि आसपास काडी-लायटर काही नको.

डबा माळ्यावर टाकायच्या आधी त्या बारा घड्याळांच्या डायल एकदा बघून घ्या, आणि हे मी मस्करीत सांगत नाहीये. 1970 च्या आधीचं घड्याळ असेल आणि आकड्यांवर, काट्यांवर पिवळट-तपकिरी झालेला जाडसर रंग असेल, तर तो रेडियमचा असू शकतो. अंधारात चमकत नाही म्हणजे गेला असं नाही, चमकणारं रसायन मरतं पण रेडियमची हाफ-लाइफ 1600 वर्षांची आहे. असं घड्याळ उघडायचं नाही, खरवडायचं तर नाहीच नाही, त्याची धूळ श्वासात जायला नको. आधीच उघडलेलं असेल तर ओल्या टिश्यूने टेबल पुसा, टिश्यू पिशवीत बांधून टाका, हात धुवा, आणि ते घड्याळ झिपच्या पिशवीत बंद करून बाजूला ठेवा, मुलांच्या हाताला लागणार नाही असं.

वडिलांचं घड्याळ. त्याला आत्ता हात लावू नका, चावी देऊन 'चालतंय का बघू' हे पण नको, कारण वर्षानुवर्षं पडून असलेल्या घड्याळात तेल वाळलेलं असतं आणि कोरड्या ज्वेलमध्ये टोकं झिजतात. हवं तर मागचं झाकण उघडून मूव्हमेंटचा फोटो काढा, ब्रिजवर किंवा बॅलन्सच्या खाली बारीक नंबर असतो तो टिपून ठेवा, पुढे पार्ट शोधायला तोच लागेल. मग झाकण लावा. तुमची ती शिकायची मूव्हमेंट पूर्ण खोलून, साफ करून, तेल देऊन, जोडून, वहीतल्या पहिल्या आकड्यांपासून अॅम्प्लिट्यूड दहा-पंधरा अंशांच्या आत आली, आणि हे एकदा नाही, सलग पाच वेळा झालं, की मग डबा माळ्यावरून काढा. त्यातलं वडिलांच्या घड्याळाच्या सगळ्यात जवळचं एक निवडा, आणि या वेळी ते का बंद आहे हे तुम्हाला कळेल, कारण नीट चालणारं घड्याळ आतून कसं दिसतं ते हातांना माहिती झालेलं असेल. ते चालू झालं की वडिलांचं घ्या. आठ महिने लागतील, वर्ष लागेल, घड्याळ काही कुठे पळून जात नाहीये. आणि मधेच वाटलं की हे नकोच आपल्याच्याने, तर ते घड्याळ एखाद्या जाणत्या घड्याळजीकडे देऊन शेजारी बसून बघा, त्यात कमीपणा नाही, आणि त्याने काय म्हटलं ते तुम्हाला शब्दन् शब्द समजेल.

आणि ती उडालेली स्प्रिंग. खोलीतले दिवे घालवा, टॉर्च जमिनीवर आडवा ठेवून उजेड फरशीलगत फिरवा, बारीक पोलादी तुकडा लांब सावली पाडतो आणि लगेच दिसतो. टेबलापासून लांबच्या भिंतीकडून सुरुवात करा, या स्प्रिंगा वाटतं त्यापेक्षा लांब जातात. पॅन्टच्या दुमडीत आणि स्वतःच्या चपलेत पण बघा, माझी एक तिथेच सापडली होती, नऊ दिवसांनी. चुंबक फिरवून सापडली तर डीमॅग्नेटाइज केल्याशिवाय बसवू नका. यापुढे स्प्रिंग काढताना पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत दोन्ही हात आणि मूव्हमेंट घालून काढा. दिसायला येडपटासारखं दिसतं, वहिनी हसतील.